पाय निघत नाही

माझा नवरा हेइनो
स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे, चार मिनिटं झाली.
आत बटाटे उकडून फुटायला आलेत.
पाहुणे जाताना म्हणतात, पाय निघत नाही,
ते निराळं.
याचा खरंच निघत नाही.
टाचा डिंकानं चिकटवल्यासारख्या
आणि वरचं अंग कधीच निघालेलं, पुढे झुकलेलं,
आतून कुणी हाक मारल्यासारखं.

"ढकलू नका," मारिट सांगते,
दर मंगळवारी, पार्नूच्या इस्पितळात, तळमजल्यावर.
"ओढू तर मुळीच नका. आधी नीट थांबू दे त्यांना.
मग वजन डाव्या पायावर, मग उजव्या.
आणि मोठं पाऊल, हेइनो,
तुम्हाला मोठं वाटतं त्याहून मोठं."
त्याला वाटतं, आपण ढांगा टाकतोय.
पडतात बोटभर.

तीसएक वर्षं यानं रस्त्यांवर पट्टे ओढले.
शाळेसमोर, बंदराच्या फाटकासमोर,
पहाटे तीनला, ट्रक सुरू व्हायच्या आत.
माझ्या उशीलाही पांढऱ्या रंगाचा वास असायचा.
लोक खाली न बघता ओलांडून जातात
याचं त्याला कधी काही वाटलं नाही.
वाकडी रेघ दिसली की मात्र
जेवण जायचं नाही.

मारिटनं जमिनीवर चिकटपट्ट्या लावल्या,
पिवळ्या, आडव्या, एकीपुढे एक.
"जमीन विसरा. फक्त पट्टी ओलांडायची."
हेइनो बघत राहिला.
मला वाटलं, अडकला परत.
मग त्या आवाजात,
जो ऐकायला मी हल्ली टीव्ही बंद करते,
तो म्हणाला, "तिसरी वाकडी आहे."

तिनं उकलून पुन्हा लावली.
"आता?"
"चौथीचं अंतर जास्त."
तिच्या पाळीतली वीस मिनिटं त्यात गेली,
पण ती गुडघ्यांवरून उठली नाही.
मग तो चालला.
असा चालला, की मी पर्स उचलून उभी राहिले,
जणू आम्ही दोघं कुठेतरी निघालोय.
खोलीच्या टोकाला पट्ट्या संपल्या
आणि चालणंही.

घरी मीच लावल्या. दारात तीन, न्हाणीघरापाशी चार.
मुलगी टालिनहून आली,
म्हणाली, आई, हे घर आहे की विमानतळ?
रात्री तो उठतो तेव्हा मोठ्यानं मोजतो,
मारिटनंच शिकवलंय, युक्स, काक्स, कोल्म,
आणि मी पडल्या पडल्या ऐकते
आकडा कुठे थांबतो ते.
नऊच्या आत थांबला तर उठायचं.

जानेवारीत बर्फ पडला.
औषधाच्या दुकानासमोर
त्याचेच पट्टे, वीतभर खाली.
दिवा हिरवा. पाय नाही.
लाल. पुन्हा हिरवा.
एक बाई दंड धरायला आली.
"नको हो," मी म्हटलं, "अशानं पडेल तो."
हेइनो पांढऱ्याकडे बघत म्हणाला,
"आहेत इथे. सात आहेत."
आहेत हे मलाही ठाऊक होतं.

मग मी माझा बूट आडवा ठेवला
त्याच्या बोटांपुढे,
तपकिरी, मासळीच्या कारखान्यातल्या शेवटच्या पगाराचा,
शिवण उसवलेला.
त्यानं बूट पाहिला.
वजन डावीकडे. उजवीकडे.
ओलांडला.
मी पुढे होऊन दुसरा ठेवला.

तीन दिवे लागले पलीकडे जायला.
एकानं हॉर्न वाजवला, एकदाच,
मग त्याचा त्यालाच ओशाळल्यासारखा गप्प झाला.
कडेला पोचून हेइनोनं दम खाल्ला,
माझ्या पायांकडे बघितलं,
काहीतरी पुटपुटला. वाऱ्यात कळलं नाही.
"काय?"
"शेवटचा," तो म्हणाला,
"वाकडा ठेवलास."